चौथी बाजू

आमच्या हाल्डन ग्रोव्ह गावात गोधडी शिवायची ती चारचौघींत. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात लाकडी चौकट मांडायची, तिच्यावर गोधडी ताणून बसवायची आणि भोवती बायकांनी कोंडाळं करायचं. सुया खाली-वर होत आणि तोंडं त्याहून भरभर चालत. कुणाचा मका पावसात आडवा झाला, कुणाच्या मुलीनं शहरात जाऊन केस कापले, पाद्र्याचं प्रवचन का लांबलं, हे सगळं दोन टाक्यांच्या मधल्या जागेत मावायचं.

पण गोधडी चौकटीवरून उतरली की एक काम उरायचं आणि नेमकं तेच कुणाला नको असायचं. गोट लावायचं काम. चारी काठ उघडे, आतला कापूस बाहेर डोकावतोय, त्यावर कापडाची पट्टी दुमडून घ्यायची आणि मागच्या अंगानं बारीक तुरपाई करत जायचं. त्याला चौकट लागत नाही आणि मैत्रिणीही लागत नाहीत. घरी एकटीनं गोधडी मांडीवर घ्यायची आणि खिडकीशी बसायचं. बोलायला भिंत. म्हणून आमच्याकडच्या बायका गोधड्या शिवायच्या उत्साहानं आणि संपवायच्या कधीच नाहीत.

आर्डिस टोफ्टेच्या गळ्यात हे काम पडलं ते तिचा नवरा ऑर्विल गेला तेव्हा. ऑर्विल धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी असायचा, गावात सगळ्यांना माहीत. महिला मंडळाची अध्यक्ष ऑर्फा रिंकर सांत्वनाला आली, डोळे टिपले, कॉफी घेतली आणि निघताना म्हणाली, "मन कशात तरी गुंतवायला हवं गं. मी गाडीत एक गोधडी आणलीय. नुसता गोट राहिलाय."

गाडीत दोन होत्या.

आर्डिसनं त्या लावून दिल्या, आणि असा गोट गावानं पाहिला नव्हता. टाका शोधून सापडेना. कोपरे असे टोकदार की बोटाला टोचतील. बायकांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि कौतुक झालं की काम वाढतंच. पुढच्या हिवाळ्यापर्यंत गावातल्या यच्चयावत गोधड्या आर्डिसच्या घरी येऊ लागल्या. ऑर्विलच्या खोलीतला पलंग त्यांनी भरला, मग खुर्ची भरली, मग कपाट.

आणि हळूहळू आर्डिसच्या लक्षात आलं की आपल्या हातात काहीतरी आलंय.

तिच्या गोटाशिवाय आता गावात कुणाचं लग्न पुरतं लागत नव्हतं, कुणाचं बाळ धड पांघरुणात जात नव्हतं. तिला हे आवडलं. उभा जन्म तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ऑर्विलसुद्धा जेवायला काय आहे एवढंच विचारायचा. आता बायका दारात उभ्या राहून विचारत होत्या, "कुठवर आलीय गं माझी?"

"कोपऱ्यावर आलेय," आर्डिस म्हणायची.

तिनं एक पद्धत पाडली. तीन बाजू मन लावून पुऱ्या करायच्या आणि चौथी तशीच सोडायची. तीन बाजू तिच्या कलेच्या, चौथी तिच्या अधिकाराची. कुणी तिच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायला विसरलं की त्या बाईची गोधडी ढिगाच्या तळाशी. कुणी "अजून नाही झाली?" असं विचारलं की तिच्याही खाली. तारीख विचारायची नाही, हा नियम तिनं तोंडानं कधी सांगितला नाही, तरी तो अख्ख्या गावाला पाठ होता.

बायका हात हलवत यायच्या नाहीत, हे सांगायला नकोच. लव्हॉन स्टुबी दर नाताळाला आणि दर ईस्टरला सफरचंदाचा केक आणायची. लव्हॉननं आपल्या मुलाच्या, ड्वाइटच्या लग्नासाठी गोधडी शिवली होती, दोन रंगांची वर्तुळं एकमेकांत गुंफलेली. ड्वाइटचं लग्न झालं, त्याला दोन मुलं झाली, मोठा शाळेत जायला लागला, गोधडी आर्डिसकडेच. ऑर्फाची स्वतःची, मोठ्या ताऱ्याची नक्षी असलेली गोधडी, जिच्याबद्दल ती आठ जिल्ह्यांत बोलत फिरायची, तीही आर्डिसकडे. ऑर्फा अक्रोडाच्या वड्या आणायची. आर्डिस एकेक वडी चाखत चौथ्या बाजूचा विचार करायची आणि राहू द्यायची.

गावात म्हणच पडली. नगरपालिकेनं रस्त्याचं डांबर रखडवलं, की लोक म्हणायचे, "रस्ता आर्डिसकडे आहे." एकदा किराणा दुकानात तिनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि घरी येईपर्यंत तिची मान ताठ होती.

चर्चला शंभर वर्षं पुरी व्हायची होती त्या सालची गोष्ट. नवीन पाद्री आला, हेन्ड्रिक नावाचा, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको लिनेट. पाद्री शांत होता. पण लिनेटला गोष्टी पार पाडायची सवय होती, आणि आमच्या गावात या दुखण्यावर कुणाकडे औषध नव्हतं. आल्या आल्या तिनं तळघरातले दिवे बदलले, कॉफीचं भांडं घासून काढलं (कॉफीची चव गेली ती गेलीच), आणि मग तिच्या डोक्यात आलं की शताब्दीच्या रविवारी चर्चच्या प्रत्येक बाकाच्या पाठीवर एकेका घराची गोधडी टाकायची.

"गोधड्या कुठे आहेत सगळ्यांच्या?" तिनं विचारलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी लिनेट आर्डिसच्या दारात. ऑर्विलची खोली बघून तिचे डोळे चमकले. एवढी तुंबलेली कामं एका जागी बघायचं भाग्य तिला कधी लाभलं नव्हतं.

"टोफ्टेबाई, तुम्ही एकट्या कशाला ओढताय हे? आपण शनिवारी चार मशीन लावू तळघरात. सगळ्या मिळून दिवसभरात उडवून टाकू."

"मशीन," आर्डिस म्हणाली.

"हो, सरळ टीप मारायची. कोण बघतंय मागून?"

आर्डिसनं तिला कॉफी दिली, आणि अर्धाच कप दिला. हाल्डन ग्रोव्हमध्ये अर्धा कप म्हणजे दार दाखवणं, पण लिनेट बाहेरगावची होती. तिनं आभार मानून तो प्यायला.

गुरुवारी आर्डिस मुद्दाम तळघरात गेली. ती एरवी जायची नाही, काम घरीच असायचं. आज ती लढाईच्या तयारीनंच आली होती. इतकी वर्षं अडवून ठेवलेल्या बायका आता लिनेटच्या मागे उभ्या राहणार, चार मशीन आणणार, आपलं राज्य बुडवणार, हे तिनं गृहीतच धरलं होतं. तिनं चांगला कोट घातला होता, निळी काचेची बटणं असलेला. हरायचं तर नीट कपड्यांत हरावं.

लिनेटनं आपला बेत मांडला. आणि मग एक नवलच झालं.

"छे छे," ऑर्फा म्हणाली, "मशीनचा गोट म्हणजे काय तो गोट? पोत्याला मारतात तसला. आर्डिसच्या हाताची सर कशाला येईल?"

"आर्डिसचं काम म्हणजे काम," लव्हॉन म्हणाली. "त्याला वेळ लागणारच. आम्हाला काही घाई नाही बाई."

"शंभर वर्षं चर्च थांबलंय, गोधड्या चार दिवस थांबतील," आणखी कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या जणी एकदम माना हलवायला लागल्या.

आर्डिसच्या छातीत काहीतरी फुलून आलं. ती उठली. डोळ्यांत पाणी दिसू नये म्हणून म्हणाली, "मी कॉफी आणते," आणि आतल्या स्वयंपाकघरात गेली.

त्या स्वयंपाकघराला भिंतीत एक खिडकी आहे, ताटं बाहेर सरकवायला. तिची झडप लाकडाची, आणि ती कधीच पुरती लागत नाही, हे मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी सगळ्या विसरल्या.

"पण तुम्हाला तुमच्या गोधड्या नकोत का?" लिनेटचा आवाज आला. ती खरोखर गोंधळली होती.

"हे बघ पोरी," हा लव्हॉनचा. "माझी गोधडी शेरिलसाठी आहे. माझ्या सुनेसाठी. लग्न ठरलं तेव्हा मी भरात येऊन कबूल करून बसले. मग तिचा स्वभाव कळला. आता ती गोधडी आर्डिसकडे आहे तोवर मी देत नाही असं होत नाही ना. आर्डिसनं रखडवलीय असं होतं. माझं काय जातंय?"

"म्हणजे..."

"माझ्या ताऱ्याचं एक पान उलटं लागलंय," ऑर्फा म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ऑर्फा बोललेली आर्डिसनं आधी ऐकली नव्हती. "शिवून झाल्यावर दिसलं. तोवर मी ती राज्याच्या जत्रेतल्या स्पर्धेला पाठवणार म्हणून सांगून बसले होते. आता ती दिसत नाही तोवर ती उत्तम आहे. दर वर्षी लोक तिच्याबद्दल जास्तच चांगलं बोलतात."

कुणीतरी हसलं. "माझी तर बहिणीला द्यायचीय. आमचं बोलणं बंद आहे. बरंय, आर्डिसकडे आहे."

"पण टोफ्टेबाईंना तुम्ही केक वगैरे नेता, मला वाटलं लवकर व्हावं म्हणून..."

"लवकर?" लव्हॉन म्हणाली. "अगं, तिनं कामाला बसू नये म्हणून नेतो. केक ठेवला की ती कॉफी टाकते, कॉफी टाकली की बोलत बसते. एक दुपार जाते. तिला वाटतं आम्ही तिला घाबरतो. वाटू दे बिचारीला. तिला बरं वाटतं आणि आपलं भागतं."

आर्डिस झडपेच्या अलीकडे उभी होती. किटलीतून वाफ येत होती. तिला राग आलाय की लाज वाटतेय हेच तिला कळेना. एवढी वर्षं आपण गावाला वेठीला धरलंय असं ती समजत होती, आणि गावानं तिला अडगळीची खोली म्हणून वापरलं होतं. नको ते तिच्याकडे टाकायचं आणि वर कुलूप म्हणून तिलाच बसवायचं. आणि ते 'बिचारी' तर तिला टाचणीसारखं लागलं.

तिनं कॉफी नेली. प्रत्येकीचा कप काठोकाठ भरला. ऑर्फा म्हणाली, "तुझ्यावाचून आमचं काय झालं असतं गं." आर्डिस म्हणाली, "हो ना."

घरी आल्यावर तिनं चांगला कोट खुंटीला लावला आणि ऑर्विलच्या खोलीत जाऊन उभी राहिली. बाहेर छपरावरचा बर्फ वितळून थेंब थेंब गळत होता. तिनं वरची गोधडी उचलली, खिडकीशी खुर्ची ओढली आणि चौथी बाजू घेतली.

तो आठवडा तिनं कुणालाही दार उघडलं नाही. लव्हॉन केक घेऊन आली, अजून ईस्टर लांब होता तरी. दार वाजवत राहिली. आर्डिस आतून म्हणाली, "पायरीवर ठेव." तिनं केक खाल्ला मात्र, सुई न सोडता, डाव्या हातानं. राग असला म्हणून सफरचंदं वाया घालवायची नसतात. बोटाला भोक पडलं, मान आखडली, पण तुरपाई सैल पडली नाही. रागाच्या भरात हात घाईनं चालेल असं तिलाच वाटलं होतं, पण हाताला तिच्या रागाची खबरच नव्हती. तो आपला नेहमीसारखा चालत होता.

मग ऑर्विलचा जुना ट्रक काढून तिनं त्यात सगळ्या गोधड्या भरल्या. आणि इथे तिनं आपला खरा डाव टाकला. ज्यांनी शिवल्या त्यांच्याकडे ती गेलीच नाही. ज्यांच्यासाठी शिवल्या त्यांच्याकडे गेली.

पहिली लव्हॉनची सून. शेरिल गावाबाहेरच्या रस्त्यावर राहायची. दार उघडलं तेव्हा तिच्या कडेवर धाकटा होता आणि एप्रनवर लापशी सांडलेली.

"टोफ्टेबाई? काय झालं? सासूबाई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. ही तुझी." आर्डिसनं गोधडी पुढे केली.

ट्रकमधून येताना तिनं पुढचं वाक्य घोकलं होतं. 'तुझ्या सासूला ही तुला द्यायचीच नव्हती, आणि माझ्या नावावर खपवत होती.' एवढंच म्हणायचं, परत फिरायचं, आणि मग स्टुबींच्या घरात काय पेटायचं ते पेटू द्यायचं. वाक्य जिभेच्या टोकावर होतं.

शेरिलनं मूल खाली ठेवलं, गोधडी उलगडली आणि कोपऱ्यात भरलेली आपली आणि ड्वाइटची नावं वाचली. मग नावांवरून बोट फिरवलं.

"मला वाटायचं अशी गोधडी नाहीचये," ती म्हणाली. "त्या दर नाताळाला म्हणायच्या, टोफ्टेबाईंकडे आहे, टोफ्टेबाईंकडे आहे. मला वाटायचं, मला टाळायचं म्हणून काहीतरी सांगतात. कुणी एवढी वर्षं गोट लावतं का?"

आर्डिसपुढे दोन रस्ते होते. खरं सांगितलं तर लव्हॉनची फजिती होणार, पण त्याबरोबर हेही गावभर होणार की आर्डिस टोफ्टे म्हणजे नुसतं एक निमित्त होती. तिचा मान आडवा आला.

"मी लावते," ती म्हणाली. "मी अडवून ठेवली होती. तुझी सासू किती वेळा आली, पाय धरायचे बाकी ठेवले तिनं. केक काय, विनवण्या काय. 'माझ्या शेरिलची तेवढी आधी कर.' मी म्हटलं, नाही करत जा. माझा स्वभाव वाईट आहे, कुणालाही विचार."

शेरिलचे डोळे भरले. "त्या असं म्हणायच्या? माझ्या शेरिलची?"

"रडायच्या," आर्डिस म्हणाली. एकदा बोलायला लागल्यावर कंजुषी कशाला.

ती ट्रकमध्ये बसते न बसते तोच शेरिल आत फोनकडे धावलेली तिला दिसली.

लव्हॉन तेव्हापासून फसली ती फसलीच. दर रविवारी शेरिलकडे जेवायला जावं लागतं, शेरिल तिला मिठी मारते, भाजलेल्या बटाट्यांतले खरपूस तिच्याच ताटात घालते, आणि मुलांना सांगते, "आजीनं आपल्यासाठी किती सोसलं." सुनेची दोन वाईट गुपितं मनात जपून ठेवलेली बाई, आणि आता ती कुणाला सांगायची सोय राहिली नाही. वर्षअखेरीला तर ती शेरिलची तारीफ करायला लागली. आधी नाइलाजानं असेल. मग काय, सांगता येत नाही.

अबोला धरलेल्या बहिणीकडेही गोधडी पोचली. तिनं ती ठेवून घेतली आणि अबोलाही ठेवला. सगळंच काही सुधारत नाही.

ऑर्फाची गोधडी आर्डिसनं चर्चमध्येच नेऊन दिली, थेट लिनेटच्या हातात. लिनेट एवढी हरखली की शताब्दीच्या रविवारी तिनं ती बाकावर न टाकता पुढे वेदीच्या कठड्यावर पसरली, सगळ्यांना दिसेल अशी. प्रार्थनेला अख्खं गाव, वर राजधानीहून आलेले बिशप. ताऱ्याचं उलटं पान नेमकं मधोमध. पहिल्या स्तोत्रापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत लोकांच्या माना एका बाजूला कलत होत्या आणि पुन्हा सरळ होत होत्या.

बाहेर जिन्यावर ऑर्फा सगळ्यांशी हात मिळवत उभी. "मुद्दाम केलंय तसं," ती सांगत होती. "परमेश्वरच फक्त निर्दोष असतो, म्हणून."

"वेगळीच आहे हं," लोक म्हणत होते. आमच्याकडे याहून कडक शब्द नाही. पण बिशप बाहेरगावचे. त्यांना ते परमेश्वराचं फार आवडलं आणि पुढच्या महिन्यात त्यांनी ते तीन गावांच्या प्रवचनांत सांगितलं. ऑर्फाला तेव्हापासून उलट्या पानाचं कौतुक करणारी पत्रं येतात, आणि आता ती सरळ तारा शिवायला धजावत नाही.

आर्डिसवर उघड चिडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. चिडायचं कशावर, काम पुरं केलं यावर? उलट जेवणानंतर मंडळानं तिचा सत्कार केला. ऑर्फानं दात ओठांआड ठेवून भाषण केलं, आणि अखंड सेवेबद्दल म्हणून मंडळातर्फे तिला दुकानातून आणलेलं, विजेवर तापणारं ब्लँकेट दिलं. काठ त्याचे कारखान्यातच शिवलेले, नायलॉनची चकचकीत पट्टी. आर्डिसनं तिथल्या तिथे ती पट्टी उलटून मागची शिवण बघितली. नाक मुरडलं. पण झोपायला ती तेच घेते, कारण ते गरम होतं.

ऑर्विलची खोली रिकामी झाली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. ईस्टरला कुणी केक आणला नाही. दोन-चार दुपारी ती सवयीनं खिडकीशी जाऊन बसली, मांडीवर काही नाही, हात नुसते. मग एका गुरुवारी तिनं निळ्या बटणांचा कोट घातला आणि तळघरात गेली. बायकांच्या गप्पा जिथल्या तिथे थांबल्या.

"काही हवं होतं का, आर्डिस?" ऑर्फानं विचारलं.

"बसायला जागा."

मग लव्हॉननंच खुर्ची सरकवली, फार नाही, आर्डिसला जरा अंग चोरून बसावं लागेल एवढी. चौकटीवर नवी गोधडी होती, जवळजवळ होत आलेली. आर्डिसनं सुई ओवली.

आता प्रश्न असा होता, की ही उतरली की गोट कोण लावणार. आर्डिस लावणार नाही, तिनं सांगून टाकलं. लिनेटला द्यावी तर ती शनिवारपर्यंत लावून मोकळी होईल, आणि मग ती गोधडी कबूल केल्याप्रमाणे ऑर्फाच्या नावडत्या जावेला द्यावी लागेल. सगळ्यांनी गोधडीकडे नीट निरखून बघितलं.

"हा मधला भाग मला काही बरोबर वाटत नाही," ऑर्फा शेवटी म्हणाली. "उसवावा का?"

"टाके मोठे पडलेत," लव्हॉन म्हणाली.

"अगदीच मोठे," आर्डिस म्हणाली. टाके उत्तम होते. तिनं कात्री घेतली, टोकानं पहिला टाका उचलला आणि विचारलं, "बरं, ते डॉक्टरच्या मुलीचं काय झालं? मला कुणी काही सांगतच नाही."

लव्हॉननं खुर्ची जरा जवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.